आमच्या गायनवृंदाचें हलकें वाद्य
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास सांगण्याचें काम ज्येष्ठ मंडळींनीं आपल्याकडे घेतलें, आणि तें योग्यच झालें. चांदा येथें धर्मकार्याची स्वतंत्र घडी १९६२ सालीं कशी बसली, १९७७ सालीं तिला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा कसा मिळाला, हें आपण त्यांच्या तोंडून ऐकलें. मला गायनवृंदाच्या चालकांनीं सांगितलें कीं, "फादर, आपण संगीतावर दोन शब्द बोला." संगीतावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. सेमिनरींत आम्हांला स्वरलिपि शिकवीत असत. त्या वर्गांत माझा क्रमांक वरून मोजण्यापेक्षां खालून मोजणें सोपें पडे. म्हणून मी संगीतावर न बोलतां एका वाद्यावर बोलणार आहें. तें वाद्य आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. वेदीच्या डाव्या अंगाला, पेटीवाल्याच्या मागें, खुंटीला टांगलेली ती मळकट पिवळ्या रंगाची बेस गिटार होय. तिच्यावर मीं कांहीं महिने बराच विचार केला. त्याचें कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, ती मी पुढें सांगेन.

गिटारीला सहा तारा असतात हें लहान मुलांनाही ठाऊक आहे. बेस गिटारीला बहुधा चारच तारा असतात, पण त्या जाड असतात, आणि तिचें काम गाण्याचा पाया धरण्याचें असतें. तिची सर्वांत जाड तार एका सेकंदांत सुमारें ४१ वेळां कंप पावते. आपल्या दोन पदरी पेटीचा सर्वांत खालचा स्वर ६५ कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे पेटीचा जिना जेथें संपतो, त्याच्याही खालीं उतरून हें वाद्य उभें राहतें. तो स्वर कानाला वेगळा असा फारसा जाणवत नाहीं. पण तो थांबला कीं मात्र मागच्या बांकावरचीं माणसेंही चुळबूळ करूं लागतात. हा अनुभव नवा नाहीं. गोव्यांतील जुन्या देवळांत लदीन व मोतेत गातांना व्हायोलिनच्या सोबतीला रबेकांव नांवाचें माणसाएवढें उंच वाद्य असे, तें याच कामासाठीं. तें बैलगाडींतून न्यावें लागलें असतें तर आमच्या जंगलांतील वाड्यांपर्यंत केव्हांच पोहोंचलें नसतें! अमेरिकेंत सिॲटल येथें पॉल टटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास हेंच वाद्य विजेवर चालणारें व आडवें धरण्याजोगें केलें. आणि १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं तें असें सुटसुटीत बनविलें कीं, तेव्हांपासून तें जगभर पसरलें. उंच वाद्य वाहून नेण्याच्या त्रासांतून बेस गिटार जन्मली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण पुढें तीच गोष्ट आम्ही विसरलों.

आपल्यांतील कांहीं वडील मंडळींना गिटार देवळांत आलेली रुचली नव्हती. त्यांना मी दोष देत नाहीं. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं काढलेल्या आज्ञापत्रानें पियानो, ढोल, झांजा हीं वाद्यें उपासनेंत मना केलीं होतीं, आणि ती शिस्त दीर्घकाळ पाळली गेली. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें डिसेंबर १९६३ मध्यें नळ्यांच्या ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र उपयोगास योग्य अशीं इतर वाद्येंही अधिकारी वर्गाच्या संमतीनें घेतां येतील असें ठरविलें. तो निर्णय मुख्यतः लॅटिन विधीच्या संदर्भांतला, तरी त्यांतील विवेक सर्वांनाच उपयोगी आहे. वाद्य कोठून आलें हा प्रश्न दुय्यम. तें गाणाऱ्या लोकांना आधार देतें कीं त्यांचा आवाज बुडवितें, एवढेंच मी पाहतों. बुडविणारें वाद्य मलाही नको आहे, मग तो ऑर्गन कां असेना.

असो. आमची जुनी बेस मी येथें येण्यापूर्वीपासून आहे. ती एका परदेशी कारखान्यानें विद्यार्थ्यांसाठीं केलेल्या स्वस्त मालिकेंतली. तिचें धड पातळ प्लायवूडचें व आंतून बरेंचसें पोकळ होतें. त्यामुळें सगळें मिळून वजन तीन किलोंनाही थोडें कमी भरे. हा तिचा एकच मोठा गुण. बाकी सारे दोष: लांकूड मऊ, घोडीचे स्क्रू सैल होत, स्वर लवकर मरे, आणि विजेची बाजू तर अशी कीं, देवळांतील ट्यूबलाइट लावल्या कीं ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणूं लागे. कारखान्यानें ती मालिका पुढें बंद केली, तेव्हां सुटे भागही मिळेनासे झाले. दोन वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत धडाचे थर सुटले आणि ती खुंटीवर गेली ती गेलीच.

त्याच वेळीं आपल्यांतील कांहीं उदार कुटुंबांनीं नवीन बेस देवळाला भेट दिली. वाद्य उत्तम होतें व आहे. जड, घट्ट लांकडाचें, साडेचार किलो वजनाचें, आवाज असा कीं भिंतीला कान लावावा. ३ जुलै, संत थोमाच्या सणाला तें प्रथम वाजलें आणि सर्वांनीं वाखाणलें. वाजविणारी मुलगी त्या वेळीं अकरावींत होती. ती इथून सात किलोमीटरांवरच्या वाडींतून येते. चार रविवार तिनें वाजविलें. पुढें एका रविवारीं आली नाहीं, दुसऱ्या रविवारीं आली तर मागें मुलींत जाऊन बसली. मला वाटलें, नवें वाद्य मिळाल्यावर पोरीला गर्व चढला असावा, किंवा आळस. १५ ऑगस्टच्या आधींच्या रविवारीं मीं प्रवचनांत दात्यांच्या देणगीचा मान न राखणाऱ्यांविषयीं चार कडक शब्द बोललों. नांव घेतलें नाहीं; पण नांव न घेतल्यानें कोणी फसलें असेल असें मला वाटत नाहीं. ती खालीं मान घालून बसली होती, हें मला वेदीवरून दिसत होतें.

त्या आठवड्यांत तिची आई मला रस्त्यांत भेटली. रागावलेली नव्हती. ती म्हणाली, "फादर, तिले राग नाही आला जी. खांदा दुखते तिचा. दिवसभर वाकून रोवना कराचा, मंग सात किलोमीटर चालत याचं, अन् मंग उभ्यानं तो एवढा दांडा गळ्यात. कसं होईल?"

भाताची रोवणी ज्यांनीं केली आहे त्यांना मीं याहून अधिक कांहीं सांगावयास नको. ज्यांनीं केली नाहीं, त्यांत मी स्वतः येतों. मिस्सा सव्वा तासाची, सराव दीड तासाचा; अरुंद पट्टा आणि साडेचार किलो, तेंही एकाच खांद्यावर. मीं दुसऱ्या दिवशीं तें वाद्य गळ्यांत घालून सॅक्रिस्टींत उभा राहून पाहिलें. पाऊण तासानें काढून ठेवलें. पुढच्या रविवारीं मीं त्या मुलीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली, तें आपल्याला स्मरत असेल. पण क्षमेनें वजन कमी होत नाहीं. दात्यांचेंही येथें कांहीं चुकलें नव्हतें. विचारणें माझें काम होतें, तें मीं केलें नाहीं.

मग समितींत प्रश्न आला कीं करावें काय. एक मत असें पडलें कीं आणखी एक हलकें वाद्य विकत घ्यावें. दुसरें मत, जुनेंच दुरुस्त करावें. तेव्हां एका ज्येष्ठ सभासदांनीं शुभवर्तमानांतील जुन्या वस्त्राला लावलेल्या नव्या ठिगळाची आठवण करून दिली. मी म्हटलें, "दादा, आपलें वस्त्र फाटकें नाहीं, त्याचें अस्तर तेवढें हलक्या कापडाचें आहे." हंसण्यावारी निघालें, पण मला तें मनापासून वाटत होतें. त्या गिटारीची बेतणी चांगली होती. धड लहान, दांडी आंखूड, पडदे जवळ जवळ, लहान हाताला पोहोंचतील असे. ज्यानें ती आंखली त्याला वाजविणाऱ्याच्या शरीराचा विचार होता. ज्यानें लांकूड निवडलें त्याला फक्त किंमतीचा.

अशा बंद पडलेल्या हलक्या वाद्यांना पुन्हा दिवस आल्याचीं उदाहरणें आहेत. अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नेथन डॅनियल यांच्या डॅनेलेक्ट्रो कारखान्यांत दाबलेल्या लांकडी तंतूंच्या पातळ पाट्यांपासून, म्हणजे आपण ज्याला हार्डबोर्ड म्हणतों त्यापासून, गिटारी होत. फार हलक्या, फार स्वस्त. तो कारखाना १९६९ सालीं बंद झाला. आणि तीस वर्षांनीं लोक त्याच गिटारी शोधूं लागले म्हणून त्या नांवानें पुन्हा तशाच गिटारी होऊं लागल्या. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनीं तर लांकूडच सोडून कोळशाच्या तंतूंची बेस केली आणि तिचें डोकेंही कापून टाकलें. पण इतके दूर कशाला जातां? आपली पेटीच पाहा. पॅरिसमध्यें अलेक्झांडर दबें यांनीं १८४० सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें तेव्हां ती पायानें भाता मारावयाची, कपाटाएवढी वस्तु होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिचा खालचा अर्धा भाग काढून टाकला, भाता पाठीमागें आणला, आणि ती मांडीसमोर जमिनीवर बसली. युरोपांत ती मूळ वस्तु मागें पडली. इकडे तिच्या हलक्या रूपानें देऊळ, कीर्तन व नाटकगृह हीं तिन्ही जिंकलीं. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलें तरी ती मेली नाहीं. आणि आपल्या नागपूरच्या पंडित मनोहर चिमोटे यांनीं तिच्यांत सुधारणा करून, स्वरमंडलाच्या तारा जोडून, तिला संवादिनी हें नांव दिलें. जुनी बेतणी व नवें अंतरंग हा प्रकार विदर्भाला परका नाहीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

आतां लांकडाची गोष्ट. येथें मी माझी दुसरी चूक सांगतों. आपण चांदा व गडचिरोलीचे लोक सागवानाच्या अभिमानांत वाढलेले आहों. आलापल्लीच्या वनवैभवांतील ते जुने सागवृक्ष, ज्यांच्या जंगलाला २०१४ सालीं जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला, ते ज्यानें पाहिले तो दुसऱ्या झाडाकडे मान वर करून पाहत नाहीं. २०२३ सालीं बल्लारपूरचा सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीं गेला. मग आमच्या गिटारीला सागवान कां नको? देवळाचे दोन जुने बांक मोडकळीस आले होते. त्यांच्या फळ्या काढून मीं आपल्या सुतारमिस्त्रींना म्हटलें, यांचें धड करा. ते म्हणाले, "फादर, सागवान दारा-खिडकीले चांगला. वाजवाच्या वस्तूले शिवन पाहा जी." मीं ऐकलें नाहीं. धड सुंदर झालें, रंधा मारल्यावर सोन्यासारखें चमकलें. दांडी, तारा बसवून काट्यावर ठेवलें तर पावणेचार किलो! जेथून पळालों तेथेंच निम्म्या वाटेवर परत.

त्याचें कारण साधें आहे. वाळलेल्या सागवानाचें वजन एका घनमीटरला साडेसहाशे किलोंच्या आसपास भरतें. शिवणीचें साधारणपणें साडेचारशे ते पांचशे. शिसम आठशेंच्याही पुढें जातें. परदेशांत गिटारीच्या धडासाठीं जें आल्डर नांवाचें लांकूड वापरतात तें शिवणीच्याच तोलाचें असतें. शिवण हलकी असून वाळल्यावर फारशी वांकत नाहीं, तडकत नाहीं. म्हणूनच ढोलाचीं खोडें तिचीं करण्याची चाल आपल्या जंगलपट्टींत आहे. मिस्त्रींना हें पुस्तकांतून कळलेलें नव्हतें. त्यांच्या घराण्यांत ढोल होत असत. मीं लॅटिन शिकलों, तत्त्वज्ञान शिकलों, आणि माझ्या दारासमोर उभ्या असलेल्या झाडाचें वजन मला ठाऊक नव्हतें.

शिवणीचें नवें झाड तोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला परवाना लागतो, शिवाय ओलें लांकूड वाद्याला निरुपयोगी. शाळेच्या कोठीचीं जुनीं दारें बदललीं तेव्हां त्यांच्या फळ्या बाजूला पडल्या होत्या, त्या शिवणीच्या निघाल्या. कित्येक उन्हाळे व पावसाळे खाल्लेल्या त्या फळ्यांना आतां हलण्याचें कांहीं कारण उरलेलें नव्हतें. दोन फळ्या सरसानें जोडून मिस्त्रींनीं दुसरें धड केलें. जुन्या धडाची आकृति जशीच्या तशी ठेवली. बोटांखालची शिसमाची पट्टी जुनीच राहूं दिली. ती झिजली होती, पण निर्दोष होती. आणि शिसमाच्या जातीच्या लांकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्यें त्यांतून सूट मिळाली खरी, तथापि जें जपून ठेवण्यासारखें आहे तें उगाच खरवडून कशाला काढावें?

धड हलकें झालें तसा एक नवाच उपद्रव उद्भवला, ज्याची मला कल्पना नव्हती. हात सोडला कीं दांडीचें टोंक खालीं जाऊं लागलें. तराजूचें एक पारडें हलकें केल्यावर दुसरें खालीं जाणारच. वाजविणारीला डाव्या हातानें दांडी उचलून धरावी लागे, म्हणजे खांद्याचें दुखणें मनगटांत आलें. त्यावर मिस्त्रींनीं व गायनवृंदांतील एका तरुणानें मिळून उपाय केला. टोंकाच्या जाड लोखंडी खुंट्या काढून पातळ, हलक्या खुंट्या बसविल्या, पट्ट्याचा खिळा दांडीच्या बाजूला दोन बोटें पुढें नेला, आणि पट्टा रुंद चामड्याचा केला. आतां ती सोडली तरी सपाट राहते. वजन तीन किलोंच्या किंचित् वर आहे. दांडींतील लोखंडी सळई मात्र वर्षांतून दोनदां तपासावी लागेल. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ च्या पुढें जातो, जुलैंत हवा पाण्यानें जड होते. लांकूड कितीही जुनें असलें तरी तें या दोन ऋतूंची नोंद घेतेंच.

विजेची बाजू त्या तरुणानें सांभाळली. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. त्यावरची पोलादी तार कांपली कीं वेढ्यांत अगदीं अशक्त असा प्रवाह उत्पन्न होतो, आणि अँप्लिफायर तो मोठा करतो. जुन्या पिकअपला एकच गुंडाळी होती. ती तारेचा कंप पकडी तशी ट्यूबलाइटची व पंख्याचीही वीज पकडी. घरांतील वीज सेकंदाला ५० वेळां फिरते, आणि बेसचा एक खालचा स्वर ४९ कंपनांचा आहे. म्हणजे ती गुणगुण नेमकी गाण्याच्या पायांतच घुसून बसे. नव्या पिकअपला दोन गुंडाळ्या आहेत, एकमेकींच्या उलट. तारेचा आवाज दोघी मिळून वाढवितात, बाहेरची गुणगुण मात्र एकमेकींची खोडून टाकतात. धडाच्या पोकळींत तांब्याचा पत्रा लावला. शिवाय नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एक लहानशी पाटी आंत बसविली. ती प्रवाहाला वाद्यांतच बळ देते, म्हणून लांब वायरींतून जातांना स्वराचें तेज जात नाहीं.

या बॅटरीनें आम्हांला गेल्या नाताळांत धडा दिला. वायर वाद्यांत खोंचलेली असली कीं बॅटरी खर्च होत राहते. वायरी हरवतात म्हणून मींच सांगितलें होतें कीं ती खोंचलेलीच ठेवा! मध्यरात्रीच्या मिस्सेला पहिलें गीत सुरू झालें आणि बेसचा आवाज विझत विझत पहिल्याच कडव्यांत नाहींसा झाला. पेटीवाल्यानें त्या रात्रीं सर्वांची लाज राखली. आतां एक कळ बसविली आहे. बॅटरी संपली तरी वाद्य साध्या रीतीनें वाजतें. वीजच गेली तर मात्र उपाय नाहीं. तेव्हां पेटी, आणि आपले कंठ.

आपण विचाराल, त्या मुलीचें काय झालें? वाद्य तयार होईपर्यंत तिची बारावी झाली होती. तिनें तें पास्काच्या पवित्र शनिवारीं वाजविलें, पुढें आणखी दोन सणांना वाजविलें, आणि जूनमध्यें ती परिचारिकेच्या शिक्षणासाठीं नागपूरला गेली. पहिल्यांदां गळ्यांत घातल्यावर तिनें खांदा एकदां वरखालीं करून पाहिला आणि म्हणाली, "हलका झाला जी." मला दुसरी कांहीं स्तुति नको होती. जिला डोळ्यांसमोर ठेवून हें सारें केलें, तिच्या वाट्याला तें थोडेच दिवस आलें, याची मला खंत आहे. एक रोवणी आधीं विचारलें असतें तर तसें झालें नसतें. सध्यां तिचा धाकटा भाऊ वाजवितो. तो नववींत आहे आणि त्याची ताल धरण्याची रीत अजून बैलाला हांकल्यासारखी आहे, पण सराव चुकवीत नाहीं.

भेट मिळालेलें जड वाद्यही कपाटांत पडलेलें नाहीं. मोठ्या सणांना एक वडीलधारे गृहस्थ तें खुर्चीवर बसून, मांडीवर टेकवून वाजवितात, आणि त्याचा आवाज हलक्यापेक्षां भरदार आहे हें कबूल केलें पाहिजे. सागवानाचें धड मीं माझ्या खोलींत भिंतीवर लावलें आहे. येणारा जाणारा त्याची तारीफ करतो. मी त्याला त्याचें वजन सांगतों.

खर्चाचा हिशेब या पुस्तिकेच्या जमाखर्चांत दिलाच आहे. नव्या वाद्याच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून तो कमीच आला. मिस्त्रींनीं मजुरी घेतली नाहीं, फक्त उरलेल्या शिवणीच्या तुकड्यांतून नातवासाठीं एक लहान ढोल करून नेला. सराव दर शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां असतो. बॅटऱ्या सॅक्रिस्टींतील वरच्या खणांत आहेत, आणि वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी.